गल्ला आणि गोष्ट : कलाभवनापासून जपानी रामायणापर्यंत



यंदाच्या व्याख्यानासाठी मी विषय कळवला तेव्हा चिटणीसांनी तो दोनदा विचारून घेतला. जपानी कार्टून सिनेमा आणि त्याचा गल्ला यांवर आपल्या वार्षिक व्याख्यानमालेत काय बोलणार, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. इतिहास बोलणार, असे मी उत्तर दिले. हा इतिहास आपल्याच बडोद्यातून निघतो आणि पुन्हा आपल्याच घरांच्या माळ्यावर येऊन थांबतो. तो इथे, करजणला, सांगण्यात एक औचित्य आहे. खंडेराव महाराजांनी 1862 साली डभोईपासून या मियागामपर्यंत अरुंद रूळ टाकले आणि त्यांवरून सुरुवातीला बैलांनी डबे ओढले, हे इथल्या मंडळींना मी सांगायला नको. बैलांनी ओढलेली आगगाडी म्हणजे नवे यंत्र आणि जुनी ताकद यांची जोड. आजच्या विषयाचा गाभाही तोच आहे. यंत्र परके, गोष्ट घरची.

आरंभ राजवाड्यापासून करू. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्यांकडून लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पुराणातल्या प्रसंगांची चौदा तैलचित्रे करून घेतली. पुढे 1894 साली रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला आणि त्यांची चित्रे रंगीत छापील होऊन घरोघर पोचली. आपल्या आज्यांच्या देवघरांतली लक्ष्मी-सरस्वती बहुधा त्याच घराण्यातली. सीता कशी दिसते, रामाच्या हातातले धनुष्य केवढे असते, याचे जे चित्र आपल्या डोळ्यांत आहे, त्यातला मोठा भाग त्या काळात ठरला.

त्याच सुमारास, 1890 साली, महाराजांनी कलाभवन सुरू केले. त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, चित्रकला, यंत्रविद्या असे हाताला काम देणारे शिक्षण तिथे मिळे. आरंभीच्या विद्यार्थ्यांत त्र्यंबकेश्वरचा एक वीस वर्षांचा मुलगा होता, धुंडिराज गोविंद फाळके. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून तो थोरल्या भावाकडे बडोद्याला आला होता. इथे त्याने रंगचित्रण केले, छायाचित्रण आणि नमुने घडवणे शिकले. 1892 साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्याच्या नाट्यगृहाच्या नमुन्याला सुवर्णपदक मिळाले. बडोदे ते मुंबई ही वाट याच मियागाम-करजण स्टेशनावरून जाते, तेव्हा दादासाहेब फाळके आपल्या फलाटासमोरून किती वेळा गेले असतील त्याचा हिशेब तुम्हीच करा.

पुढची त्यांची धडपड मोठी आहे. गोध्र्याला फोटोचा व्यवसाय केला. प्लेगने पत्नी आणि मूल नेले. पुरातत्त्व खात्यात नकाशे काढले. रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी शिळाछापाचे काम केले. आणि नावाची अक्षरे उलटी फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणून जादूचे प्रयोगही केले. कलाभवनातला हात, छापखान्यातला रंग आणि जादूगाराची नजरबंदी एका माणसात एकत्र आली तेव्हा भारतीय सिनेमा जन्मला. मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहताना आपले राम-कृष्ण पडद्यावर कधी येतील, या विचाराने ते अस्वस्थ झाले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. 1912 साली विलायतेला जाऊन त्यांनी यंत्र आणले आणि 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

आता मुद्द्याच्या दोन चित्रपटांकडे येतो. पहिला 1915 सालचा ‘आगकाड्यांची मौज’. काडेपेटीतल्या काड्या थोड्या थोड्या सरकवायच्या, प्रत्येक वेळी एक चित्र घ्यायचे आणि ती चित्रे भराभर दाखवून काड्यांना जिवंत करायचे. आज ज्याला आपण ॲनिमेशन म्हणतो त्याचे आपल्याकडचे हे मूळ. दुसरा 1917 सालचा ‘लंकादहन’. त्यात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. हनुमान उडत उडत आकाशात लहान होत जातो आणि लंका पेटते, हे लोकांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले. पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायांतले जोडे काढत, आणि तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागत, असे सांगतात. भारतीय सिनेमाचा पहिला मोठा गल्ला हा रामायणाचा गल्ला होता, आणि तोही बैलगाडीतला.

इथून मी तुम्हाला पासष्ट-सत्तर वर्षे पुढे नेतो. युगो साको नावाचे एक जपानी माहितीपटकार होते. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननांवर ‘द रामायण रेलिक्स’ हा माहितीपट करत असताना, 1983 च्या सुमारास, त्यांना रामकथेची ओढ लागली. जपानी भाषेत मिळतील तेवढी रामायणे त्यांनी वाचली. एक गोष्ट त्यांना पटली. रामासारखा पुरुष नटाने उभा केला की नट दिसतो. रेघेने काढला तर राम दिसू शकेल. पण भारतात लगेच गैरसमज झाला. वर्तमानपत्रात बातमी आली, एका हिंदू संघटनेने दिल्लीच्या जपानी वकिलातीकडे निषेध नोंदवला, आणि परक्यांनी आमच्या रामाला हात लावू नये असा सूर निघाला. सरकारलाही कार्टूनच्या रूपातला राम ही जोखीम वाटली. शेवटी काम जपानमध्ये करायचे ठरले.

त्या कामात भारतातून कोण होते ते पाहा. दिग्दर्शनात कोइची सासाकी यांच्याबरोबर राममोहन होते. 1956 पासून मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये ज्यांनी आपल्या देशातल्या ॲनिमेशनचा पाया घातला, त्यांतले हे प्रमुख नाव. संगीत वनराज भाटिया यांचे, म्हणजे घरची भाषा गुजराती असलेल्या माणसाचे. संस्कृत गीते वसंत देव यांची, म्हणजे मराठी नाटके हिंदीत नेणाऱ्या आपल्या माणसाची. गुजराती आणि मराठी माणसाने मिळून जपानी चित्रपटासाठी संस्कृत गाणी करावीत, हे बडोद्याच्या माणसाला अजिबात नवल वाटण्यासारखे नाही. आपले दिवाणखाने असेच चालत आले आहेत.

सुमारे साडेचारशे कलावंतांनी जवळजवळ एक लाख चित्रे हातांनी काढली. जपानी चित्रकारांची रेघ पक्की होती, पण धोतर नेसल्यावर निऱ्या कुठे पडतात, वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना मूल कसे वाकते, हे त्यांना कसे ठाऊक असणार? भारतीय सहकाऱ्यांनी ते एक एक करून शिकवले. माझ्या मते चित्रपटाचा खरा इतिहास इथे आहे. वाकण्याची ती रीत पुस्तकात नसते. ती घरात असते, आणि घरातून कुणीतरी ती कागदापर्यंत न्यावी लागते.

जानेवारी 1993 मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. काळ कोणता होता, हे मी वेगळे सांगत नाही. अयोध्येतल्या डिसेंबरला जेमतेम महिना झाला होता. रामाचे नाव घेतले की देशाचे दोन भाग होत होते, आणि अशा वेळी हा शांत, देखणा, कुणावर न ओरडणारा राम आला. त्याला धड बाजारच मिळाला नाही. काही वर्षांनी हिंदी आवृत्ती निघाली. तिच्यात रामाला अरुण गोविल यांचा आवाज, रावणाला अमरीश पुरी यांचा. तरीही गल्ल्याच्या वहीत या चित्रपटापुढे मोठा आकडा पडला नाही.

त्याला जगवले ते मुलांनी. दूरचित्रवाणीच्या कार्टून वाहिनीवर तो पुन्हा पुन्हा लागू लागला. आमच्या घरी सुट्टीच्या दुपारी मुले जमिनीवर ताटे घेऊन बसत आणि समोर कुंभकर्ण उठत असे. मी त्यांना ‘बंद करा ते कार्टून’ म्हणून ओरडलो आहे, हे आज या व्यासपीठावरून कबूल करतो. त्याच मुलांतल्या एकीने मला 24 जानेवारी 2025 नंतरच्या आठवड्यात बडोद्याच्या चित्रपटगृहात नेले. नव्याने स्वच्छ केलेल्या प्रतीत, हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजीत, बत्तीस वर्षांनी तो देशभर लागला होता. साको 2012 मध्ये गेले, राममोहन 2019 मध्ये. दोघांनाही तो दिवस दिसला नाही. माझी पुतणी आता स्वतः आई झालेली. सेतू बांधला जात असताना तिचे ओठ संवादांबरोबर हलत होते. तिला सगळा पाठ होता. गल्ल्याच्या वहीत न मावलेली कमाई ती हीच.

याउलट जपानचे पाहा. तिथे असे चित्रपट ही साऱ्या घराची करमणूक आहे. 2001 साली हायाओ मियाझाकी यांचा ‘स्पिरिटेड अवे’ आला. दैवतांच्या स्नानगृहात नोकरी करणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीची ती अद्भुत कथा. तीस अब्ज येनहून अधिक कमाई करून तो जवळजवळ एकोणीस वर्षे जपानचा सर्वांत जास्त चाललेला चित्रपट राहिला. 2020 मध्ये, महामारीच्या वर्षात, ‘डीमन स्लेयर : मुगेन ट्रेन’ने तो विक्रम मोडला. आगगाडीत शिरलेल्या राक्षसाची ती गोष्ट. करजणकरांनी लक्षात घ्यावे, आगगाडी! त्याच मालिकेचा पुढचा चित्रपट सप्टेंबर 2025 मध्ये आपल्याकडे आला तेव्हा बडोद्यातलीच काय, भरूचकडची मुलेही आगाऊ तिकिटे काढून गेली. भारतात चाललेल्या जपानी चित्रपटांत तो सर्वांत पुढे गेला.

या गल्ल्यामागे केवळ जाहिरात नाही. जपानी घरांनी आपल्या आज्यांच्या भुताखेतांच्या, नदीदेवतांच्या, उंबरठ्यावरच्या राक्षसांच्या गोष्टी टाकून दिल्या नाहीत. त्या काढणारे हात त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कामावर ठेवले. आपल्याकडे गोष्टी कमी नव्हत्या आणि हातही कमी नव्हते. 1915 साली काड्या नाचवणारा माणूस आपल्या कलाभवनाचा विद्यार्थी होता. मध्ये जे तुटले ते हात आणि घर यांचे नाते. मुलगा चित्रे काढतो म्हटले की आपण विचारले, ‘पण नोकरी?’ हा प्रश्न खोटा नव्हता. गायकवाडी संपल्यावर आपल्या पुष्कळ घरांना तोच पहिला प्रश्न होता. पण त्याची किंमत आपण मोजली नाही.

ती किंमत मी स्वतः मोजली आहे. माझे आजोबा कलाभवनात शिकलेले. त्यांच्या रेखाटनांच्या सात वह्या माळ्यावरच्या ट्रंकेत होत्या. घर बदलताना मी त्या उघडून न पाहता पस्तीवाल्याला दिल्या. एकच सुटा कागद राहिला, एका पुस्तकात खूण म्हणून घातलेला. त्यावर त्यांनी एकच हात नऊ वेळा काढला आहे, बंद मुठीपासून उघड्या तळव्यापर्यंत. तो कागद पाहिला तेव्हा मला फाळक्यांच्या काड्या आठवल्या आणि वह्यांत काय काय असेल ते कळले. तोवर वेळ गेली होती.

माझ्या हातून गेले ते तुमच्या हातून जाऊ नये, एवढेच मागणे आहे. फाळक्यांच्या ‘लंकादहन’चे आज तुकडेच उरले आहेत; ‘राजा हरिश्चंद्र’चाही काही भागच. जपानी रामायण पुन्हा पडद्यावर आले ते कुणीतरी त्याची मूळ फिल्म जपून ठेवली म्हणून. करजण, डभोई, पादरा, शिनोर इथे ज्यांचे पणजोबा वहिवाटदार, मास्तर, मोजणीदार म्हणून आले, त्यांच्या ट्रंका अजून माळ्यावर आहेत. या दिवाळीच्या सफाईत त्या खाली काढा. वही, नकाशा, फोटोची काच, काहीही निघो. पस्तीत टाकण्याआधी मंडळाला एकदा दाखवा. आणि दुपारी मुले जमिनीवर बसून जपानी कार्टून पाहत असतील, तर ओरडण्यापूर्वी पाच मिनिटे त्यांच्या शेजारी बसा. काय पाहता ते त्यांना विचारा, आणि मग त्यांना एक गोष्ट आपलीही सांगा.