सिंदियाच्या जहाजांनी पैसे मिळवले का?

५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस पुढे राष्ट्रीय सागरी दिन ठरला आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी देशाभिमानाच्या धड्यात जाऊन बसली. एकदा धड्यात गेलेल्या पेढीला हिशेब विचारणे आपल्याकडे औचित्यभंग मानतात. तरी विचारायला हवे: जहाजे चालवून पैसे उरत होते का?

लेखाशास्त्र मी रीतसर शिकलेलो नाही, ताळेबंद वाचत वाचतच शिकलो. जहाज कंपनीचा नफा दोन वाटांनी येतो. एक वाट मालाच्या भाड्याची. त्यातून कोळसा, बंदराचे आकार, खलाशांचे पगार, विमा आणि घसारा वजा जातो. दुसरी वाट व्याजाची आणि जहाजांच्या खरेदी-विक्रीची. धंद्याचा कस पहिल्या वाटेवर लागतो. शिवाय जहाज नांगरून ठेवले तरी विमा आणि घसारा चुकत नाहीत. म्हणून कोळसा आणि बंदराचे आकार सुटले तरी मालक ते हाकतो, आणि म्हणूनच भाड्याची लढाई फार खोल जाऊ शकते.

'लॉयल्टी' या कसोटीला उतरत नाही. १८९१ची ही प्रवासी बोट, मूळची कॅनेडियन पॅसिफिकची 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती घेऊन महायुद्धात इस्पितळ-जहाज म्हणून दिली होती. १९२३मध्ये ती भंगारात निघाली.

सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी नरोत्तम मोरारजी यांची खरी परीक्षा किनारी वाहतुकीत, ब्रह्मदेशाच्या तांदळावर झाली. समोर लॉर्ड इंचकेप यांची ब्रिटिश इंडिया कंपनी होती, १९१४पासून पी अँड ओशी जोडलेली. तिने भाडी पाडली. एका मार्गावरचा तोटा ती दुसऱ्या मार्गांवर भरून काढू शकत होती. सिंदियाला ती सोय नव्हती.

त्याहून चिवट हत्यार होते विलंबित सुटीचे. व्यापाऱ्याने भरलेल्या भाड्याचा काही भाग परत मिळे, पण काही महिन्यांनी, आणि तोवर त्याने परक्या बोटीत एकही पोते चढवले नसेल तरच. व्यापाऱ्याचेच पैसे ओलीस! सिंदियाने तेच भाडे सांगितले तरी त्याला ते महाग पडे, कारण बुडणारी सूट त्यात धरावी लागे. तेव्हा सिंदियाची जहाजे अर्धी रिकामी दिसली म्हणून व्यवस्थापन कच्चे ठरवणे मला घाईचे वाटते.

१९२३मध्ये करार झाला. दहा वर्षे सिंदियाने किनारी मालवाहतुकीपुरतेच राहायचे आणि ७५,००० टनांपलीकडे जहाजे वाढवायची नाहीत. याला शरणागती म्हणणारे तेव्हाही होते. मला हा सौदा हिशेबी वाटतो, पण महागडा. भाड्याची लढाई थांबली, कंपनी जगली. मात्र टनांवर मर्यादा आली की कचेरीचा आणि गोद्यांचा तोच खर्च अधिक टनांवर पसरवता येत नाही. त्यामुळे त्या दहा वर्षांतल्या नफ्याकडे पाहताना, कंपनी किती मिळवू शकली याबरोबरच तिला किती मिळवू दिले गेले, हेही मोजायला हवे.

सिंदियाचे मालक ते मोजत होतेच. साराभाई हाजी यांनी किनारी व्यापार भारतीय जहाजांसाठी राखण्याचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले, ते करार अजून लागू असताना, १९२८मध्ये. ते राखीव धोरण प्रत्यक्षात यायला मात्र स्वातंत्र्य उजाडावे लागले.