विहिरीवरचं बटण : मोटेपासून सौरपंपापर्यंत

कुरुंद्यात मी मोटर आणि स्टार्टर दुरुस्त करतो. वसमत तालुक्यातला हा पट्टा हळदीचा. हळद आठ-नऊ महिने रानात असते आणि पाऊस सरला की तिला पाणी द्यावंच लागतं. म्हणून विहिरीवरची पद्धत बदलली की इथल्या घरांचं झोपणं-उठणंही बदलतं.

आजोबांच्या पिढीनं मोट हाकली. नाडा तुटला तर गावातच वळत, मोट फाटली तर गावातच शिवत. मग डिझेलचं इंजिन आलं. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालं आणि पुढच्या काळात विजेचे खांब हळूहळू रानात पोचले. विहिरीवर स्टार्टरची पेटी बसली : हिरवं बटण, लाल बटण आणि आत कॉइल. लाईट गेली की कॉइल सुटते. लाईट आली तरी कुणी हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर बंदच राहते. मोटर सुरक्षित राहावी म्हणूनच ही रचना आहे.

पण शेतीच्या फीडरला वीज पाळीनं मिळू लागली, दिवसाची पाळी आठ तासांची आणि रात्रीची दहा तासांची. हिरवं बटण दाबायला माणूस मध्यरात्री बॅटरी घेऊन साप-विंचवाच्या वाटेनं निघाला. त्याच्यासाठी ऑटोस्विच आला. तिन्ही फेज आल्याचं ओळखून तो स्वतःच मोटर चालू करतो. माणूस घरी निजला, पण भार डीपीवर पडला. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. लाईट येताच एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या, तर ट्रान्सफॉर्मर जळतो आणि सगळ्यांचंच पाणी थांबतं. महावितरण आजही ऑटोस्विच काढून कपॅसिटर बसवायला सांगतं, आणि ते योग्यच आहे.

त्यानंतर मोबाईल स्टार्टर आला. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी आजोबांची पंपापर्यंतची पायपीट पाहून ‘नॅनो गणेश’ हे यंत्र घडवलं. २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत त्याचा गौरव झाला. पेटीत सिम, हातात फोन. लाईट आहे का, मोटर चालू आहे का, हे घरबसल्या कळू लागलं. अशा स्टार्टरनं आमच्या भागातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांची रात्रीची फेरी वाचवली, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण आता बटणाचा एक धागा गावाबाहेर गेला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, तेही फक्त फोरजीवर. टूजीच्या स्टार्टरमध्ये ते सिम चालत नव्हतं. २०१८ च्या अखेरीस इतर कंपन्यांनी नुसता कॉल येत राहावा यासाठीही मुदतीचं रिचार्ज लावलं. मोटर ठणठणीत, वायरिंग ठणठणीत, पण सिम बंद पडलं म्हणून पाणी बंद, अशी तक्रार माझ्या दुकानात येऊ लागली.

जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचं पाणी शिरलं, तेव्हा साध्या आणि मोबाईल स्टार्टरमधला फरक उघडा पडला. साधे स्टार्टर उघडले, गाळ धुतला, कॉइल वाळवली, कॉन्टॅक्ट घासले आणि त्यातले बरेच पुन्हा चालले. इलेक्ट्रॉनिक कार्ड असलेल्या मोबाईल स्टार्टरच्या पेट्यांना मात्र नवीन कार्डाची वाट पाहावी लागली.

आता सौरपंपाकडे जाणं सुरू आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. पाणी दिवसा मिळतं, रात्रीचं जागरण संपतं. मोटेनंतरचा हा मला सर्वांत मोठा बदल वाटतो. पण त्याचा कंट्रोलर बिघडला की कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबावं लागतं. हळदीला तेवढी सवड नसते.

म्हणून नवी पेटी घेणाऱ्याला मी तीन प्रश्न विचारायला सांगतो. नेटवर्क नसताना ती हातानं चालू होते का? तिचे सुटे भाग वसमतच्या बाजारात मिळतात का? गावातला कारागीर ती उघडू शकतो का? मोटेला ही तिन्ही उत्तरं होती. सौरपंपालाही ती मिळाली पाहिजेत आणि त्यासाठी गावोगावच्या पोरांना कंट्रोलर दुरुस्ती शिकवायला हवी. शिकणारी पोरं आमच्याकडे आहेत. शिकवणारे इथवर यावेत.