पुसलेली राणी : ‘तारीफ-इ-हुसेनशाही’तील चित्र आणि शब्द

अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) निजामशाही चित्रशैलीचा विचार चित्रकाराच्या नावाशिवायच सुरू करावा लागतो. आफताबी या कवीच्या ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या फार्सी काव्याची सचित्र पोथी हा या शैलीचा सर्वांत महत्त्वाचा आरंभीचा पुरावा होय. ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातील बारा चित्रे उपलब्ध असून एकाही चित्रकाराचे नाव हाती लागलेले नाही.

काव्याचा नायक पहिला हुसेन निजामशाह. 1565च्या तालिकोटच्या लढाईतील विजय आणि रामरायाचा शिरच्छेद या पोथीत चितारलेले आहेत. परंतु तिचे वेगळेपण रणांगणात नाही. ते राणी खुंजा हुमायूँच्या उपस्थितीत आहे. कवी तिच्या सौंदर्याची स्तुती करतो आणि चित्रकार तिला राजाच्या शेजारी बसवतो. स्त्रीच्या स्पर्शाने वृक्ष बहरावा हा संस्कृत काव्यातला दोहदाचा संकेतही एका चित्रात येतो. फार्सी काव्याच्या पोथीत भारतीय काव्यसंकेत इतक्या सहजपणे नांदावा, यातच दख्खनच्या दरबारी संस्कृतीचे मिश्र स्वरूप दिसते. उंच क्षितिजरेषा इराणी परंपरेची आठवण देते, तर स्त्रियांची वेशभूषा आणि गोंडेदार वेण्या येथल्या मातीशी नाते सांगतात.

हुसेनशाह 1565 मध्येच वारला. अल्पवयीन मुर्तझाच्या नावाने खुंजा हुमायूँने कारभार पाहिला. 1569 मध्ये याच पुत्राने तिला कैद केले. पोथीतील बहुतेक चित्रांतून राणीची आकृती पुसलेली आढळते. हे कोणी आणि केव्हा केले, याची नोंद नसली तरी या सत्तापालटाशी त्याचा संबंध जोडण्याकडे अभ्यासकांचा कल आहे आणि तो सयुक्तिक वाटतो. मात्र पुसणाऱ्याने काव्यातली स्तुती तशीच राहू दिली. त्यामुळे संहितेत राणी आहे आणि चित्रात तिच्या जागी डाग आहे.

हा विरोध केवळ कलेतिहासाचा तपशील नव्हे. शब्द वाचणाऱ्यापर्यंतच पोहोचतो, चित्र मात्र पाहणाऱ्या प्रत्येकाला दिसते. म्हणून राजसत्तेला चित्राची भीती अधिक वाटली असावी. पण पुसण्याच्या खुणेनेच राणीचे स्थान अधोरेखित झाले. तिचीच कन्या चांदबिबी 1595-96 मध्ये अहमदनगरचा किल्ला लढवून लोकस्मृतीत अढळ झाली. आईची आठवण मात्र या डागांतून वाचावी लागते. अनाम चित्रकाराचा वारसा जपायचा, तर त्याने रंगवलेल्या आकृतींबरोबर या रिकाम्या जागांचेही वाचन झाले पाहिजे.