निंबोळी अर्क
कडुनिंबाच्या बियांतील मगजापासून पाण्यात काढलेले वनस्पतिजन्य कीडनाशक. धान्यात व कपड्यांत कडुनिंबाचा पाला घालण्याची चाल भारतात जुनी आहे. उभ्या पिकावरील शास्त्रीय परीक्षेला मात्र दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेतील एस. प्रधान यांच्या प्रयोगांनी (१९६२) चालना मिळाली. मगजाचे विरल मिश्रण फवारलेल्या पिकास टोळांनी तोंड लावले नाही. १९६८ मध्ये बटरवर्थ व मॉर्गन यांनी बियांतून आझॅडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळे केले. ते किडीस तत्काळ मारीत नाही. तिचे खाणे व कात टाकणे बिघडविते. उन्हात त्याचे लवकर विघटन होत असल्याने अर्क ताजा करून सायंकाळी फवारतात. ५ टक्के अर्कासाठी ५ किग्रॅ. मगजाची भरड रात्रभर भिजवून गाळतात आणि पाणी व थोडा साबण घालून १०० लिटर द्राव करतात.

याच बियांच्या तेलाच्या कवकनाशक उपयोगाचे एकस्व (पेटंट) यूरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी व अमेरिकेचे कृषिखाते यांना दिले. त्याविरुद्ध केवळ परंपरेची ग्वाही पुरेशी ठरली नाही. पुणे व सांगली जिल्ह्यांत १९८५ व १९८६ मध्ये शेतांवर झालेल्या चाचण्यांचा पुरावा निर्णायक ठरून ते २००० मध्ये रद्द झाले. त्यावरील अपील २००५ मध्ये फेटाळले गेले.