तळटीप १४ : प्रोग्रॅममधून घड्याळ बदलताना

१४. सेटसिस्टमटाइम : विंडोजमध्ये संगणकाची तारीख-वेळ बदलणारे फंक्शन. त्याला वेळ द्यायची ती यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत. भारतीय वेळ तशीच दिली, तर घड्याळ साडेपाच तास पुढे जाते. सकाळचे १० लिहिले की पडद्यावर दुपारचे ३:३० दिसतात. स्थानिक वेळेसाठी ‘सेटलोकलटाइम’ वापरावे. दोन्हींना सामान्यतः अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात आणि ते योग्यच आहे, कारण सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांची मुदत याच घड्याळावरून तपासली जाते. लिनक्समध्ये हे काम ‘क्लॉक_सेटटाइम’ करते. तेथे वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत मोजतात. चालू यंत्राचे घड्याळ एकदम मागे नेऊ नये. नोंदींचा क्रम बिघडतो. फरक थोडा असेल, तर ‘अ‍ॅडजटाइम’ने घड्याळाची गती किंचित कमी करून तो हळूहळू भरून काढावा. — संपा.