मदिनेपुढे न गेलेली रेल्वे
हिजाज रेल्वेचे नाव निघाले की आम्ही दमास्कस-मदिना या सुमारे १३०० किलोमीटरच्या मार्गाचे कौतुक करतो. १९०० साली सुलतान अब्दुल हमीद (दुसरे) यांनी ती जाहीर केली. हिंदी मुसलमानांनीही चंदा दिला. १९०८ मध्ये गाडी मदिनेला पोहोचली. पण आमचे हाजी मुंबईहून आगबोटीने जिद्दाला उतरत! त्यांच्या उपयोगाचा जिद्दा-मक्का फाटा कागदावरच राहिला, मदिना-मक्का टप्पाही. उंटांच्या काफिल्यांवर जगणाऱ्या बदू टोळ्यांचा विरोध होता. त्यांना लुटारू म्हणून आम्ही मोकळे होतो, त्यांच्या पोटाचा विचार करत नाही. मक्केच्या शरीफांनाही तुर्की फौज रुळांवरून दारात यायला नको होती. १९०९ मध्ये सुलतान पदच्युत झाले, १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. आमचे हाजी जिद्दाहून उंटांवरूनच मक्केला जात राहिले.