रुप्याची नावनिशाणी

१२ जुलै १९६१ च्या सकाळी आंबी नदीवरील पानशेतचे अपुरे धरण फुटले, त्याचा लोंढा खडकवासल्याच्या जलाशयात येऊन १८७९ साली पुरे झालेले तेथील दगडी धरणही त्याच दिवशी भंगले, आणि मुठेने पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली घेतल्या, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु पाणी ओसरल्यावर नारायण पेठेतील आमच्या वाड्याच्या चौकात कमरेएवढ्या गाळातून भांड्यांचा जो ढीग उपसून निघाला, त्यातील कोणते भांडे कोणाचे हे कसे ठरले, ही गोष्ट मी केवळ घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेली आहे. वाड्यात सात बिऱ्हाडे होती आणि साती बिऱ्हाडांची तांब्यापितळेची, काशाची, क्वचित रुप्याची भांडी एकमेकांत मिसळून गेली होती. बायका ओळीने बसून एकेक भांडे धूत, ते उजेडाकडे धरून काठाखालची अक्षरे वाचीत, आणि ज्याचे नाव निघेल त्याच्या उंबऱ्याशी ते नेऊन ठेवीत. कोणाचा कोणाशी शब्दाने वाद झाला नाही, असे माझी आजी आवर्जून सांगे.

त्या ढिगातून परत आलेली चांदीची एक लहान वाटी आज माझ्यासमोर, खडकवासल्याच्या घरी, धरणाचे पाणी दिसते अशा खिडकीत ठेवलेली आहे. तिच्या काठाला एक पोचा आहे, तो त्या पुरातला. काठाखाली छिन्नीच्या टोकाने टिंबाला टिंब जोडून काढलेली बाळबोध अक्षरे आहेत: ‘चि. बाळास उष्टावणानिमित्त आजोळाहून, शके १८२९’. बुडावर ‘भार ६’ एवढेच कोरलेले आहे, आणि त्याच्या शेजारी तिळाएवढा एक खोल ओरखडा आहे. वाटी केव्हातरी गहाण पडली असावी किंवा गहाण टाकण्यासाठी निदान दाखविली गेली असावी, आणि आत तांबे तर नाही ना हे पाहण्यासाठी कोणा सराफाने तेथे टोचा मारला असावा. ज्या सोनाराने ती घडविली त्याचे नाव, गाव, खूण यांपैकी काहीही तीवर नाही.

इंग्रजी रुप्याची सवय असलेल्या संग्राहकाच्या हाती ही वाटी दिली तर तो ती उलटसुलट करून निराश होईल, कारण त्याच्या देशात भांड्याचे बूड हेच त्याचे जन्मटिपण असते. पहिल्या एडवर्ड राजाने १३०० साली कायदा करून हजारात ९२५ भाग शुद्ध असलेल्या रुप्यावरच बिबळ्याच्या मुखाचा छाप उठविण्याची ताकीद दिली; १३६३ पासून प्रत्येक कारागिराने आपली स्वतःची खूण उमटविणे आवश्यक झाले; १४७८ पासून वर्षाचे अक्षर आले, जे दरसाल बदलते; १५४४ पासून चालता सिंह आला; १७७३ मध्ये बर्मिंगहॅमला नांगर आणि शेफील्डला मुकुट मिळाला; आणि १७८४ ते १८९० या काळात जकात भरल्याची पावती म्हणून राजाचे किंवा राणीचे मस्तकही त्या रांगेत बसले. एखाद्या चमच्याच्या दांड्यामागील ही चार-पाच चिन्हे भिंगाखाली धरली, की तो कोणाच्या हातून घडला आणि कोणत्या शहरी, कोणत्या साली तपासला गेला हे सांगता येते. ही तपासणी लंडनच्या सुवर्णकार-संघाच्या सभागृहात, म्हणजे त्यांच्या ‘हॉल’मध्ये, होत असल्यामुळेच ‘हॉलमार्क’ हा शब्द रूढ झाला. सहाशेहून अधिक वर्षे अखंड चाललेली ही व्यवस्था पाहून मनात आदरच उत्पन्न होतो.

परंतु यावरून आमच्याकडे पारख नव्हती असा निष्कर्ष कोणी काढील तर तो अन्याय होईल. आमच्याकडे पारखीचा सारा भार भांड्यावर न पडता नाण्यावर पडला. कौटिल्याने अर्थशास्त्रात टांकसाळीवरील लक्षणाध्यक्षाबरोबरच चलनातील नाणी तपासणारा ‘रूपदर्शक’ हा अधिकारी सांगितला आहे. ज्यांना आपण आहत नाणी म्हणतो त्या प्राचीन रौप्यखंडांच्या दर्शनी बाजूस राज्याची चिन्हे ठोकलेली असतात आणि पाठीमागे अनेकदा त्याहून बारीक असे ठसे दिसतात. हे ठसे नाणे हातातून हातात जात असता ते तपासून पाहणाऱ्या सराफांचे होत, असे अभ्यासक मानतात. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली सुमारे १३,२५० रौप्यनाण्यांचा जो साठा सापडला, त्यात क्षत्रप नहपानाची नाणी होती, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा उठविलेली होती. जेत्याने पराजिताचे रुपे वितळविले नाही, त्याच्यावरच आपला छाप मारला. आणि त्या छापाच्या कडेने नहपानाच्या नाकाची रेषा किंवा लेखातील एखादे अक्षर अजूनही डोकावते.

पेशवाईत हा व्यवहार फार गुंतागुंतीचा झालेला दिसतो. टांकसाळीचा मक्ता सोनार-सराफांस देऊन, अमुक वजनाचा आणि अमुक कसाचा रुपया पाडीन अशी कबुलायत सरकार लिहून घेत असे. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी अमदानीतील नाणी व टांकसाळी यांवर जो निबंध लिहिला त्यात या मक्त्यांचा विचार आलेला आहे. पुण्यात पडलेल्या रुपयावरही नाव दिल्लीच्या शहाआलम बादशहाचेच, तेही फार्सीत, असे. ते नाव वाचता येणारा माणूस बाजारात विरळा, म्हणून लोक नाणे ओळखीत ते चिन्हावरून. अंकुशाचे चिन्ह असलेला तो अंकुशी, चांदवडच्या टांकसाळीतला तो चांदवडी, मल्हारराव रास्ते यांच्या नावावरून ओळखला जाणारा तो मल्हारशाही. प्रत्येकाचा कस निराळा, म्हणून प्रत्येकाचा बट्टा निराळा. आणि वसुलाचा पैसा खजिन्यात भरताना तो पारखून घेण्यासाठी पोतदार बसलेला असे. तो रुपया दगडावर टाकून वाजवी, बोटावर तोली, शंका आल्यास कसोटीवर घाशी. बाजारातील सराफ आपला बारीक ठसा त्यावर उमटवून ठेवी. असे पुष्कळ ठसे पडलेला रुपया अनेक पारखींतून उतरलेला असे खरा, पण ठशागणिक त्याचे अंग दुखावलेले असल्याने त्यालाही बट्टाच बसे.

या पारखीचे दप्तर आपल्या बोलण्यात शाबूत आहे. हिणकस, खणखणीत, बंदा रुपया, वाजवून घेणे, कसास उतरणे, नावाला बट्टा लागणे, हे शब्द आज आपण माणसांविषयी वापरतो. एके काळी ते सराफाच्या गादीवर, रुपयाविषयी, दिवसातून शंभर वेळा आणि अगदी अक्षरशः उच्चारले जात. ज्या समाजाने माणसाची परीक्षा करण्याचे शब्द रुप्याच्या परीक्षेतून घेतले, त्याला चोख काय आणि खोटे काय याची चाड नव्हती असे म्हणवत नाही.

आता पुन्हा वाटीकडे येतो. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकाच वजनाचा आणि एकाच कसाचा रुपया ठरविला: वजन १८० ग्रेन, म्हणजे नेमका एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध रुपे. हळूहळू अंकुशी-चांदवडी मागे पडले, आणि एक असा प्रघात रुजला की ज्याचे महत्त्व जुन्या रुप्याच्या अभ्यासकांनी पुरते ओळखलेले नाही असे मला वाटते. वाटी करावयाची असली की घरधनीण पदराच्या गाठीतून रुपये काढून सोनारापुढे मोजी. सोनार ते मुशीत घालून बागेसरीवर वितळवी, लगडीचा पत्रा ठोकी, वाटी घडवी, आणि मजुरी वेगळी घेऊन तेवढ्याच वजनाचे भांडे परत देई. रुप्याचे वजन ‘भारा’त सांगण्याची आपली रीत या रुपयाभारातली आहे. ‘भार ६’ म्हणजे सहा रुपये, सातव्या एडवर्डचे किंवा त्याच्या मातोश्रींचे. या वाटीवर छाप नाही. छाप वितळून तिच्यात गेला आहे. सहा भारांचे आजच्या मापाने सत्तर ग्रॅम होतात, आणि मी परवा ती तोलली तेव्हा काटा अडुसष्टच्या किंचित पुढे थांबला. उरलेले रुपे राखेने आणि रांगोळीने रोज घासणाऱ्या चार पिढ्यांच्या हातांनी नेले. १९४० साली रुपयातील रुपे निम्म्यावर आले आणि १९४७ साली तो निकेलचा झाला, तेव्हा भांडे आणि नाणे यांचे हे नाते तुटले. तोळ्याचा भार मात्र बोलण्यात मागे राहिला.

आणि कारागिराचे नाव? ते एका ठिकाणी मात्र उमटले: पुण्याच्या लष्करात. पलटणींच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना चहाचे संच, करंडक, तबके हवी असत, आणि देवदेवतांच्या आकृतींनी भरलेले आपले उठावाचे काम त्यांना फार आवडे. अशा भांड्यांच्या बुडावर हिराप्पा बुचेना हे नाव आणि ‘कॅम्प पूना’ हे ठिकाण इंग्रजी अक्षरांत ठोकलेले आढळते. कच्छमध्ये उमरसी मावजी आपली आद्याक्षरे आणि ‘भूज’ असे उठवीत. विकत घेणारा परका, त्याला सोनाराचे घर ठाऊक नाही, म्हणून भांड्याने ते सांगावयाचे. हा ठसा कारागिराचा असतो, कोणा सभागृहाचा नव्हे. तो पाहून शुद्धतेविषयी काही गृहीत धरू नये. तसेच ‘ई. पी. एन. एस.’ ही अक्षरे दिसली तर ते निकेलमिश्रित धातूवर विजेने चढविलेले रुप्याचे पातळ पाणी आहे असे समजावे, आणि जर्मन सिल्व्हरमध्ये तर नावापलीकडे रुपे औषधालाही नसते.

पेठेतल्या सोनाराला ठसा लागत नव्हता, कारण त्याचे दुकान गल्लीच्या तोंडाशी होते आणि त्याच्या बापाने गिऱ्हाइकाच्या आजीची नथ घडविली होती. नाव घातले जाई ते देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे. लग्नकार्यात आळीतली भांडी एका मांडवात जमत आणि परत जाताना चुकू नयेत, हे त्याचे व्यावहारिक कारण खरे. पण मला त्याहून मोठे दिसते ते हे, की सासरी आलेल्या स्त्रीचे नावही जेथे बदलले जाई, तेथे तिच्या माहेरची खूण पुष्कळदा एवढीच उरे. कोण कोणाला, कोणत्या निमित्ताने, कोणत्या शकात: आजोळचे माणूस, मामा, आत्या, मावशी यांची ही वंशावळ जमीनजुमल्याच्या कागदांत सापडावयाची नाही. भारतीय मानक ब्यूरोने २००५ पासून रुप्यासाठीही हॉलमार्क सुरू केला, ही ग्राहकाच्या दृष्टीने फार चांगली गोष्ट झाली. परंतु जुने भांडे मोडीत घालताना त्यावरची ओळ कागदावर उतरवून ठेवण्याची कोणालाच आठवण राहत नाही, आणि मुशीत पडल्यावर ‘आजोळाहून’ हा शब्द पहिल्या आचेलाच जातो, याचे मला मनापासून दुःख होते.

गेल्या महिन्यात नातवाच्या उष्टावणासाठी ती वाटी काढली. पोचा काढून देऊ का, असे सोनाराने विचारले. मी नको म्हटले. मग नाव घालणाऱ्याकडे गेलो. तो आता छिन्नीऐवजी विजेच्या लेखणीने नाव घालतो, पण पैसे अजून अक्षरावरच घेतो. जुन्या ओळीखाली बोटभर जागा होती. त्याने मजकुराची अक्षरे मोजली, वाटी दोनदा फिरवून जागा पाहिली, आणि ‘आजोबा, सन घालू की शके?’ असे विचारले. वरच्या ओळीकडे बोट दाखवून मी शकेच घालावयास सांगितले.